वैशाखातला मेपल

जपानी मेपल लालच असतो, अशी जाहिरातींनी आपली समजूत करून दिली आहे. सहल कंपन्यांच्या पानभर जाहिरातीत तो लाल, बियांच्या पाकिटावर लाल, मोबाइलच्या पडद्यावर तर जरा जास्तच लाल. या झाडाविषयी मी वाचलेलं सर्वांत नेमकं वाक्य मात्र हिरव्या मेपलबद्दल आहे. साधारण १३३० साली क्योतोतल्या एका भिक्षूनं ते लिहिलं आणि मी ते बोदवडला बसून वाचतो. इथे मेपल नाही, आणि कुणी कितीही हौस केली तरी तो टिकणार नाही. तरीही दारात झाड लावण्याबद्दल इतकं शहाणं आणि इतकं तिरसट लेखन मला दुसरं सापडलेलं नाही.

भिक्षूचं नाव योशिदा केन्को. आधी दरबारी नोकरी, कवी म्हणून बऱ्यापैकी नाव, मग तिशीच्या आसपास संन्यास. संन्यास घेऊनही लोकांच्या घरात आणि अंगणात डोकावण्याची त्याची सवय सुटली नाही, हे आपलं नशीब. ‘त्सुरेझुरेगुसा’ हे त्याचं पुस्तक २४३ तुकड्यांचं आहे. काही तुकडे दोन-तीन ओळींत आटोपतात, काही चांगले लांब चालतात. विषयांना धरबंध नाही. दारुडे, घोडेस्वार, चंद्र, मरण, दरबारातले रीतिरिवाज, सगळं एकाच पंगतीला. घर बांधताना आधी उन्हाळ्याचा विचार करावा, हिवाळ्यात माणूस कसंही निभावून नेतो, असं तो एके ठिकाणी सांगतो. धाब्याच्या घरात वाढलेल्या खानदेशी माणसाला हे वाचून केन्को आपल्याच भागातला वाटेल. डोनाल्ड कीन यांचं इंग्रजी भाषांतर १९६७ साली आलं. मी त्याच वाटेनं केन्कोपर्यंत पोचलो.

आपला उतारा १३९वा. विषय एवढाच, की घरी कोणती झाडं असावीत. सुरुवात पाइन आणि चेरीनं होते आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत काही विशेष घडत नाही. एखादा जाणता माणूस यादी सांगतोय आणि आपण माना डोलावतोय, इतकंच. मग चेरी एकेरी पाकळ्यांचीच बरी, असं म्हणून तो दुहेरी चेरीकडे वळतो आणि स्वर बदलतो. ही दुहेरी चेरी पूर्वी फक्त नाराला होती, हल्ली जिकडेतिकडे दिसायला लागली, अशी आधी कुरकुर. त्यानंतर थेट निकाल: ती विचित्र आहे, अवघड आहे, तिच्यात काहीतरी वाकडं आहे, नाही लावली तरी चालेल. उशिरा फुलणारी चेरीही त्याला नको. का? तर तिच्यावर अळ्या पडतात आणि ते बघवत नाही.

इथे मी पहिल्यांदा हसलो. सौंदर्याची चर्चा चालू असताना मध्येच अळी! पण केन्कोच्या लेखनाची गंमत नेमकी यातच आहे. त्याची अभिरुची हवेत तरंगत नाही. त्यानं ती झाडं पाहिली आहेत, त्यांच्याखाली तो उभा राहिला आहे, कधीतरी मानेवर अळी पडलीही असेल. ज्याला झाड फक्त कवितेतून माहीत आहे, त्याच्या लेखनात अळी येत नाही.

चेरीनंतर प्लम. पांढरी चालेल, फिकट गुलाबी चालेल. एकेरी, लवकर फुलणारी असेल तर उत्तम. मात्र चेरीच्याच सुमाराला फुलणारी, उशिराची प्लम बिचारी फिकी पडते आणि फांदीवरच सुकून जाते, हे त्याला पाहवत नाही. इथे तो साक्षीला माणूस काढतो: फुजिवारा नो तेइका, थोर कवी, ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवितांच्या संग्रहाचा संकलक, मृत्यू १२४१. या तेइकानं आपल्या घराच्या वळचणीजवळ एकेरी प्लमच लावली होती. आणि त्याच्या क्योगोकूच्या घराच्या दक्षिणेला त्यातली दोन झाडं अजून आहेत म्हणे, असं केन्को जाता जाता टाकतो. तेइकाला जाऊन तेव्हा नव्वदेक वर्षं झाली होती. उताऱ्यात या वाक्याला काहीही जोर दिलेला नाही, पण घराजवळ झाड कशासाठी लावायचं याचं उत्तर तिथे आहे. लावणारा गेला, त्याच्या कवितांवर वाद झाले, घराण्याच्या शाखा एकमेकींशी भांडल्या. आणि दक्षिणेच्या अंगाला दोन प्लम दर वर्षी वेळेवर फुलत राहिल्या. केन्को यावर काहीच भाष्य करत नाही. मीच करतोय, आणि त्याला ते आवडलं नसतं.

मग विलो, चार शब्दांत. आणि त्याला लागूनच मेपल.

केन्को म्हणतो त्याचा आशय असा: चौथ्या महिन्यातला कोवळा मेपल सगळ्या फुलांहून आणि शरदातल्या लाल पानांहूनही सरस असतो. बस्स. कारण दिलेलं नाही, वर्णन नाही, उपमा नाही. प्लमबद्दल इतका पाल्हाळ लावणारा, तेइकाला साक्षीला उभा करणारा हा माणूस आपलं सर्वांत मोठं विधान करून लगेच पुढच्या झाडाकडे निघून जातो.

त्या काळच्या वाचकाला हे वाक्य किती टोचलं असेल, हे कळायला थोडी पार्श्वभूमी लागते. जपानी दरबारी कवितेत शतकानुशतकं एक वाद चालू होता: वसंत श्रेष्ठ की शरद? ‘मान्योशू’ या आठव्या शतकातल्या संग्रहात राजकन्या नुकाता शरदाच्या बाजूनं कौल देते. ‘गेंजी’ कादंबरीत वसंतवाली आणि शरदवाली अशा दोन स्त्रिया एकमेकींना गोड शब्दांत टोमणे मारतात. वसंत म्हणजे चेरी, शरद म्हणजे मेपल. मेपलची उमेदवारी ठरलेली, रंगही ठरलेला. केन्को काय करतो? तो शरदाच्या वकिलाला साक्षीदार म्हणून बोलावतो आणि साक्ष उलटवतो. मेपल हाच, पण त्याचं लाल पान नव्हे. तो लाल होण्याच्या कितीतरी आधीचा. चेरीही हरली आणि मेपलचा स्वतःचा लाल रंगही हरला.

चौथा महिना म्हणजे एप्रिल नव्हे. जुनी जपानी कालगणना आपल्यासारखीच चांद्र-सौर, तिच्यातही अधिक महिना यायचा. तिचा चौथा महिना साधारण मे महिन्यात, म्हणजे आपल्या वैशाखाच्या आसपास पडतो. तेव्हा क्योतोत चेरी गळून गेलेली असते, पावसाळा अजून लागायचा असतो. बघायला काही नाही असं लोकांना वाटतं ते हे दिवस. मेपलचं पान घडी घातलेल्या पंख्यासारखं चुण्यांनिशी बाहेर येतं आणि उलगडताना खाली झुकलेलं असतं. पाच, सात, कधी नऊ टोकं. प्रत्येक टोकाला बारीक दाते. पान इतकं पातळ की ऊन त्याच्यावर पडत नाही, त्याच्यातून जातं. खालून पाहिलं तर पानांचे थर एकमेकांवर सरकलेले दिसतात. एक पान असेल तिथे पोपटी, तीन असतील तिथे गडद. पानांच्या आड तांबूस, दोन पंखांच्या बिया जोडीजोडीनं लटकलेल्या असतात. हे सगळं जमिनीवरून वर बघणाऱ्यालाच दिसतं. लाल मेपल डोंगरभर लांबूनही दिसतो. हिरव्यासाठी झाडाखाली जावं लागतं. घरी असावीत अशा झाडांच्या यादीत केन्कोनं हिरवा मेपल घेतला तो म्हणूनच असावा. लाल रंग बघायला माणसं सहलीला जातात, कोवळी पानं बघायला झाड अंगणातच हवं.

पुढे तो मोसंबी-संत्र्याच्या कुळातलं ताचिबाना आणि कात्सुरा ही झाडं घेतो आणि ती जुनी, मोठी असतील तरच बरी, असं बजावतो. मग गवतं आणि फुलझाडं येतात, लांबलचक यादी, तिथे मी दर वेळी पानं उलटतो. पण यादीच्या शेवटी तो म्हणतो की हे सगळं फार उंच नको, फार दाट नको, कुंपणावर विरळ असावं. आणि मग शेवट. ज्यांची नावं परक्या भाषेतली, कानाला अवघड, ज्यांची फुलं डोळ्यांच्या ओळखीची नाहीत, अशा झाडांत त्याला गोडी नाही. दुर्मिळ, मिळायला कठीण अशा वस्तूंची हौस सुमार माणसांना असते, त्या नसलेल्याच बऱ्या, असं सुनावून तो उतारा संपवतो.

बोदवडात बसून ‘जपानी मेपल कसा लावावा’ या आशेनं हा उतारा वाचायला घेणाऱ्याच्या गालावर बसलेली ही चपराक आहे. ज्याचं नाव आपल्याला उच्चारता येत नाही, ज्याचं रोप मागवावं लागतं, ज्याच्या पानाशी आपल्या डोळ्यांची ओळख नाही, ते झाड आपल्या अंगणात म्हणजे मेपलच. ज्या झाडाची त्यानं इतकी स्तुती केली, तेच त्याच्या कसोटीनं आपल्या दारी बाद.

आणि झाडाचंही म्हणणं तेच आहे. जपानी मेपल मुळात डोंगरातल्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. त्याची मुळं बारीक, वरच्या वर पसरणारी. त्याला किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत, ओलसर पण पाणी न धरणारी माती लागते. आमची काळी माती नेमकी उलट: अल्कधर्मी, चुनखडीची, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. त्या भेगा पडताना बारीक मुळं तुटतात. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते घातलं की पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग कुरकुरीत. शेजारच्या भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, ते वेगळंच. कुंडी, आयती माती, हिरवी जाळी, फवारा असं सगळं करून उन्हाशी एखादा झगडेलही. पण थंडी कुठून आणणार? मेपलला पानं टाकून काही आठवडे गारठ्यात खरोखर झोपावं लागतं. ती झोप मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत आणि झाड वर्षागणिक खंगत जातं. बिया ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या तर उगवतात, हे खरं; पण उगवणं आणि जगणं यात खानदेशातला उन्हाळा उभा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या मेपल’च्या बियांबद्दल तर बोलायलाच नको. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही.

ज्यांच्याकडे हे झाड खरंच जगतं, अशी मराठी घरं अमेरिकेत पुष्कळ आहेत. न्यू जर्सीकडे घरासमोर वसंतापासून शरदापर्यंत गडद लाल राहणारा ‘ब्लडगुड’ जातीचा मेपल पावलोपावली दिसतो. त्यांना सांगण्यासारखं एवढंच, की दुपारनंतरची सावली, बुंध्यापासून जरा दूर ठेवून पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर, पहिले दोन उन्हाळे खोलवर पाणी, खत हात राखून. छाटणी करायचीच तर पानं गळून गेल्यावर, रस चढायच्या आत. आणि केन्कोची आठवण काढून हेही, की जे झाड पानं असेपर्यंत लालच, त्याला लाल होण्यासारखं काय उरतं? केन्कोनं ‘ब्लडगुड’ला दुहेरी चेरीच्या शेजारी बसवलं असतं, याबद्दल मला शंका नाही. सुईच्या टोकांसारखी चिरफाळलेली पानं आणि खाली लोंबणाऱ्या फांद्या असलेल्या जातींबद्दल त्यानं काय म्हटलं असतं, याचा अंदाज १५४व्या तुकड्यावरून करता येतो. तिथे हिनो सुकेतोमो नावाच्या एका सरदाराची हकीकत आहे. त्याला वेडीवाकडी, पिळदार कुंडीतली झाडं जमवायचा शौक होता. एकदा पाऊस चुकवायला तो तोजी देवळाच्या दाराशी थांबला. तिथे हातपाय वाकडे झालेल्या भिकाऱ्यांचा जमाव होता. आधी त्याला त्यांचं कुतूहल वाटलं, मग शिसारी आली. घरी गेल्यावर त्यानं सगळी कुंडीतली झाडं उपटून टाकली. ही गोष्ट मला पूर्ण पचत नाही. व्यंग असलेल्या माणसांकडे असं पाहणं तेव्हाही निर्दय होतं, आजही आहे. पण झाडाला आपल्या हौसेसाठी पिळू नये, हा तिचा अर्धा भाग मी ठेवून घेतो.

अकराव्या तुकड्यात मेपल पुन्हा भेटतो, अगदी ओझरता. थंडीच्या सुरुवातीला केन्को डोंगरातल्या एका एकाकी झोपडीपाशी पोचतो. पालापाचोळ्यानं झाकलेल्या पन्हळीतून पाणी ठिबकतं आहे; देवापुढच्या फळीवर शेवंती आणि मेपलच्या डहाळ्या सहज तोडून ठेवल्या आहेत. इथे कुणीतरी राहतं, याची तेवढीच खूण. केन्को भारावतो. आणि मग त्याला परसात फळांनी लदलेलं संत्र्याचं झाड दिसतं, चारी बाजूंनी भक्कम कुंपण घातलेलं. हे झाड नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून जातं. मेपल तोडून वाहिलेला, संत्रं राखून ठेवलेलं. एका छोट्या प्रसंगात माणसाची दोन रूपं. आमच्याकडे पेरूच्या झाडाला काटेरी तार गुंडाळणाऱ्यांना हा तुकडा वाचून दाखवायला हरकत नाही, पण पेरू चोरणाऱ्या पोरांनाही मग काहीतरी वाचून दाखवावं लागेल.

आता केन्कोशी माझं भांडण. ओळखीचं ते चांगलं, परकं ते हलकं, हा त्याचा नियम टिकत नाही. ज्या प्लमचं तो इतकं कौतुक करतो, ती जपानात चीनमधून आली. फक्त येऊन इतका काळ लोटला होता की ती परकी राहिली नव्हती. आमच्या वैशाखात एस.टी. स्टँडवर, शाळेच्या पटांगणात जो गुलमोहर पेटतो तो मादागास्करचा. अंगणातली सदाफुलीही तिथलीच. पपई आणि सीताफळ अमेरिकेतून आलेली. यांतलं एकही झाड आज कुणाला परकं वाटत नाही. तेव्हा नावगाव विचारून झाड नाकारणं हा नुसता दिमाख झाला. दुसरं असं, की केन्कोच्या बागेत पाणी कुणी घालत नाही. झाडं आहेत, बघणारा आहे. हंडा घेऊन जाणारी बाई नाही, पाचोळा झाडणारा गडी नाही. बोदवडसारख्या टंचाईच्या गावात अभिरुचीचा पहिला प्रश्न हाच असतो, की न्हाणीचं पाणी कोणत्या झाडाला वळवायचं.

पण त्यानंच उताऱ्यात एक चांगली कसोटी दडवून ठेवली आहे, आणि ती शेवटच्या वाक्यात नाही. ताचिबाना जुनं असावं, तेइकाची प्लम नव्वद वर्षांनी उभी असावी. या जागी जे झाड म्हातारं होऊ शकेल ते लावावं. गुलमोहर त्यात काठावर पास होतो, वादळात फांद्या मोडून घेतो. मेपल तीन उन्हाळेही काढणार नाही. निंब मात्र शंभरी गाठतो.

आणि कोवळ्या पानांचं म्हणाल तर फाल्गुनाच्या अखेरीस निंबाखाली उभं राहून बघा. जुनी पानं पिवळी होऊन आठवडाभर सडा पडतो आणि त्याच फांद्यांच्या टोकाला तांबूस, चकचकीत पालवी फुटते. पाडव्याला गुढीला बांधतो ती डहाळी बहुतेक वेळा याच वयाची असते. दहाबारा दिवसांत तांबूसपणा ओसरून पोपटी रंग येतो, मग त्यात पांढऱ्या फुलांचे घोस आणि मधाचा वास. पिंपळाची पालवी याहून गुलाबी, तिचं एकेक पान लांब देठावर थरथरतं. हा तांबडा रंग आणि शरदातल्या मेपलचा लाल रंग एकाच जातीच्या रंगद्रव्याचे, अँथोसायनिनचे; कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत ते कडक उन्हापासून आडोसा धरतं, असं मानलं जातं. म्हणजे मेपल जो रंग जाताना दाखवतो तो आमचा निंब येताना दाखवतो. म्हातारपणी लाल होणारं झाड हवंच असेल तर देशी बदाम आहे. पौष-माघात त्याची रुंद पानं शेंदरी-लाल होऊन एकेक करून खाली येतात आणि झाडणारी बाई वैतागते. तिला त्याचं रसग्रहण सांगायला जाऊ नये.

दारात जागा असेल तर निंब लावा. वैशाखात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि माती भरून ठेवा, मृगाचा चांगला पाऊस झाला की रोप लावा. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवा, दोन उन्हाळे पाणी द्या. पुढचं त्याचं तो बघतो. आणि मेपलच बघायचा असेल, जपानची सहल ठरतच असेल, तर नोव्हेंबरच्या गर्दीत शिरण्यापेक्षा मे महिन्याच्या मध्यात जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेत, जिच्या धर्तीवर पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान केलं आहे, मेपलच्या शंभरेक झाडांची राई आहे. त्या दिवसांत ती हिरवी असते.